टू-फॅमिली घर, वर आपण, खाली भाडेकरू : ‘होमबायर क्रेडिट’ किती आणि कशावर?

प्रश्न असा आला आहे. जर्सी सिटीतलं एक मराठी जोडपं, दोघंही एच-वन-बीवर, ७,६०,००० डॉलरचं टू-फॅमिली घर बघतंय. वरचा मजला आणि अ‍ॅटिक स्वतःला, खालचा मजला भाड्याने. ब्रोकरने सांगितलं, ‘तुमचं पहिलंच घर, आठ हजारांचं टॅक्स क्रेडिट मिळेल.’ त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे क्रेडिट पूर्ण किमतीवर मिळतं की अर्ध्या? पुण्यात एक फ्लॅट नावावर आहे, मग हे ‘पहिलं घर’ धरतील का? आणि आई-बाबा दर वर्षी सहा महिने येतात, ते खाली राहिले तर काही बिघडेल का?

मी न्यू जर्सीत गेली बावीस वर्षं लोकांची रिटर्न्स भरते. टू-फॅमिली घरांची तर इतकी भरली आहेत, की शेड्यूल ई (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) बघितलं की खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा रंगसुद्धा सांगता येईल असं वाटतं. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि तोच लोक जाता जाता विचारतात.

आधी ते आठ हजार. असं फेडरल क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट कमी होणारी रक्कम, आज नाही. होतं ते २००८ ते २०१० या काळात, घरांचा बाजार कोसळला होता तेव्हा. त्यातलं २००८ मधलं पहिलं, ७,५०० डॉलरचं, नावाला क्रेडिट आणि प्रत्यक्षात बिनव्याजी कर्ज होतं. वर्षाला ५०० असं पंधरा वर्षांत परत करायचं. फेब्रुवारी २००९ मध्ये कायदा बदलला. रक्कम ८,००० झाली आणि तीन वर्षं त्याच घरात राहिलं तर परत द्यायची गरज उरली नाही. नोव्हेंबरमध्ये मुदत वाढली आणि जुन्या घरमालकांसाठी ६,५०० डॉलरचं वेगळं क्रेडिट आलं. ३० एप्रिल २०१० पर्यंत करार झालेल्यांनंतर दुकान बंद. पुढे २०२१ मध्ये १५,००० डॉलरचं विधेयक आलं, ते पास झालं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बायडन यांनी महिना ४०० डॉलर देण्याचा प्रस्ताव मांडला, तोही तिथेच राहिला. आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय, कायदा मात्र कधीच गेला. ब्रोकरला दोष देत नाही. त्यांचं काम घर विकायचं आहे.

तरीही पूर्ण की अर्ध्या किमतीवर, हा तुमचा प्रश्न बिनचूक आहे. तेव्हाही तो आला होता आणि त्याचं उत्तर आजही कामाला येतं. क्रेडिट किमतीच्या १० टक्के, कमाल ८,०००. आणि किंमत म्हणजे फक्त तुम्ही राहता त्या युनिटच्या वाट्याची. आता गंमत बघा. आपल्याकडे ४,००,००० चं टू-फॅमिली घेतलं तरी अर्ध्याचे १० टक्के २०,००० होतात, म्हणजे ८,००० ची मर्यादा कधीच ओलांडलेली. वाटणी केली काय न केली काय, हातात आठच. त्यामुळे इथल्या अनेकांना वाटणीचा नियम कळलाच नाही. स्वस्त घरांच्या ओहायोत मात्र तो चावायचा. क्लीव्हलंडजवळ १,१०,००० डॉलरचं डुप्लेक्स घेतलेलं एक जोडपं माझ्याकडे २०११ मध्ये आलं, हातात आयआरएसचं, म्हणजे फेडरल करखात्याचं, पत्र घेऊन. आधीच्या माणसाने पूर्ण किमतीवर ८,००० मागून टाकले होते. दोन्ही युनिट सारखी, त्यांच्या वाट्याचे ५५,०००, त्यावर ५,५००. जास्तीचे २,५०० व्याजासकट परत गेले. बरं, त्या काळात आयआरएसही धास्तावली होती. चार वर्षांच्या मुलाच्या नावाने क्रेडिट मागितल्याचं सरकारी तपासणीत निघालं होतं. त्यानंतर खरेदीचा कागद जोडल्याशिवाय रिटर्न पुढे सरकेना.

तेव्हा शिकण्यासारखं हे, की करखात्याच्या दृष्टीने टू-फॅमिली हे एक घर नसतं. एका छपराखाली दोन मालमत्ता असतात, एक तुमचं घर आणि एक तुमचा धंदा. क्रेडिट असो, व्याज असो, प्रॉपर्टी टॅक्स असो की विक्रीचा नफा, प्रत्येक डॉलर आधी या दोन खोक्यांत पडतो आणि मग त्याचं काय करायचं ते ठरतं.

आज क्रेडिटच्या जवळ जाणारी एकच गोष्ट उरली आहे : मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट. राज्याची किंवा काउंटीची हाउसिंग एजन्सी हे देते, कर्ज घेण्याआधी. मग दर वर्षी भरलेल्या व्याजाचा ठरलेला टक्का, १० ते ५० यांच्यामधला, थेट करातून कमी होतो. टक्का २० च्या वर असेल तर वर्षाला कमाल २,०००. त्यासाठी फॉर्म ८३९६. यात दोन ते चार युनिटांची घरंही बसतात, पण एका युनिटमध्ये मालक राहिला पाहिजे आणि साधारणपणे इमारत किमान पाच वर्षं आधीपासून वापरात असली पाहिजे. नवं कोरं टू-फॅमिली बांधणाऱ्यांचा इथेच मुखभंग होतो. शिवाय उत्पन्नाची मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाला बांधलेली असते. तुम्ही दोघांचं मिळून २,३०,००० कळवलं आहे. त्यात बसण्याची आशा ठेवू नका. हे लिहिलं ते यासाठी, की तुमच्या ओळखीतलं एका पगारावरचं, मुलंबाळं असलेलं एखादं कुटुंब हे वाचत असेल तर त्याने क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) आधी चौकशी करावी. नंतर उपयोग नाही. आणि नऊ वर्षांच्या आत विकलं तर काही परिस्थितीत थोडं परत द्यावं लागतं, हेही त्यांनी तेव्हाच विचारून घ्यावं.

पुण्याच्या फ्लॅटचं. ‘पहिलं घर’ याचा अर्थ या नियमांत ‘आयुष्यातलं पहिलं’ असा नसतो. मागच्या तीन वर्षांत तुमचं मुख्य राहतं घर तुमच्या मालकीचं होतं का, एवढंच विचारतात. तुम्ही सात वर्षं इकडे भाड्याने राहताय, पुण्यात दुसरं कोणी राहतंय. तेव्हा तो फ्लॅट आड येत नाही. मात्र त्याचं भाडं येत असेल तर ते दर वर्षी अमेरिकन रिटर्नवर दाखवावं लागतं, तिकडे टॅक्स भरला असला तरी. हे ऐकून दर वर्षी कोणीतरी माझ्याकडे दुखावल्यासारखं बघतं.

आता तुमच्या घराचे आकडे मांडू. पैसे इथेच आहेत.

तुम्ही पाठवलेल्या अप्रेझलच्या (घराच्या किमतीच्या तपासणीच्या) आराखड्यात वरचा मजला अ‍ॅटिकसकट १,३२० स्क्वेअर फूट आणि खालचा ८८०. म्हणजे ६० आणि ४०. ‘दोन मजले, म्हणजे निम्मं निम्मं’ असं करू नका. मोजलेला आकडा असताना अंदाज लावला की प्रश्न विचारायला जागा मिळते. न्यू जर्सीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या कागदावर जमीन आणि बांधकाम यांची किंमत वेगवेगळी लिहिलेली असते. तुमच्यात जमीन ४० टक्के, बांधकाम ६०. जमिनीला घसारा, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी मिळणारी वजावट, नाही. ७,६०,००० चे ६० टक्के ४,५६,०००, आणि त्यातला भाड्याचा ४० टक्के वाटा १,८२,४००. त्याला साडेसत्तावीस वर्षांनी भागा. पूर्ण वर्षाचा घसारा साधारण ६,६३३ डॉलर. पहिल्या वर्षी ज्या महिन्यात युनिट भाड्यासाठी तयार झालं त्या महिन्यापासून, त्यामुळे थोडा कमी.

दहा टक्के डाउन, म्हणजे ६,८४,००० चं कर्ज. साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचं धरलं तर पहिल्या बारा महिन्यांत व्याज सुमारे ४४,२००. त्यातलं ४० टक्के, १७,६८०, खालच्या मजल्याच्या खात्यावर. प्रॉपर्टी टॅक्स १५,००० धरू, त्यातले ६,०००. विम्याचे १,२००. पाणी, बॉयलरची सर्व्हिस, बर्फ काढणं अशा सामाईक गोष्टींचे २,०००. भाडं २,४०० महिना, वर्षाचे २८,८००. खर्च वजा जाता उरतात १,९२०, आणि त्यातून घसारा काढला की उणे ४,७१३. म्हणजे अठ्ठावीस हजारांवर भाडं हातात आलं आणि करपात्र उत्पन्न शून्याखाली. आणि हे ब्रोकरच्या आठ हजारांसारखं एका वर्षापुरतं नाही.

पण तो ४,७१३ चा तोटा तुमच्या पगारातून वजा होणार नाही. कमी उत्पन्नवाल्यांना भाड्याचा २५,००० पर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो. एक लाखाच्या पुढे ही सवलत घटत जाते आणि दीड लाखाला संपते. तुम्ही २,३०,००० वर. तोटा वाया जात नाही, साठत राहतो. पुढे भाडं वाढून नफा दिसू लागला की त्यातून वळता होतो, किंवा घर विकताना वजा करता येतो. त्याची नोंद असलेला दर वर्षीचा फॉर्म ८५८२ जपून ठेवा. माणूस टॅक्सवाला बदलतो आणि हा साठलेला तोटा जुन्या फाइलीत राहून जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय, की नवीन क्लायंट आला की आधी तोच कागद मागते. न्यू जर्सीच्या रिटर्नवर तर भाड्याचा तोटा पगारातून वजा करण्याचा विषयच नाही, उत्पन्न कितीही असो.

वरच्या मजल्याचं वेगळं. तिथलं व्याज २६,५२०, प्रॉपर्टी टॅक्स ९,०००, आणि राज्याचा आयकर धरू १०,०००. राज्याच्या आणि स्थानिक करांना १०,००० ची जी मर्यादा होती, ती २०२५ साठी ४०,००० झाली, पाच लाखांखालच्या उत्पन्नाला. २०३० मध्ये पुन्हा दहावर येणार. बेरीज ४५,५२०. २०२५ साठी नवरा-बायकोची स्टँडर्ड वजावट, म्हणजे असे खर्च न दाखवताही मिळणारी सरसकट वजावट, ३१,५००. फरक १४,०२०, तुमच्या २२ टक्क्यांच्या पट्ट्यात त्याचे सुमारे ३,०८० डॉलर वाचतात. लोक ‘पंचेचाळीस हजारांची वजावट’ म्हणून खुशीत असतात. खरा फायदा स्टँडर्डच्या वर जेवढं जातं तेवढ्याचाच. खालच्या मजल्याच्या खर्चाला हे लागू नाही. तो शेड्यूल ईवर आहे, तिथे ना स्टँडर्ड वजावटीची आडकाठी, ना चाळीस हजारांची मर्यादा. म्हणून भाड्याचा वाटा नीट मोजायला हवा. प्रामाणिकपणे मोजलेले चाळीस टक्के तुम्हाला ढोबळ पन्नासपेक्षा जास्त झोप देतात, आणि उगाच तीस केले तर स्वतःचंच नुकसान.

राज्याच्या रिटर्नवर घरकर्जाच्या व्याजाची वजावट नाही. तुमच्या वाट्याचा प्रॉपर्टी टॅक्स मात्र १५,००० पर्यंत वजा होतो, किंवा त्याऐवजी ५० डॉलरचं क्रेडिट. हो, पन्नास. ‘होमओनर क्रेडिट’ म्हणायचंच असेल तर घ्या, ते हे.

दुरुस्तीचा हिशेब रोजच्या कामात सगळ्यांत जास्त चुकतो. खालच्या स्वयंपाकघराचा नळ बदलला, तर पूर्ण खर्च भाड्याच्या खात्यावर. वरचा नळ बदलला, तर शून्य. बॉयलर एकच असेल तर त्याच्या दुरुस्तीचे ४० टक्के. नवं छप्पर घातलं तर ती दुरुस्ती नाही, सुधारणा आहे, तिच्या ४० टक्क्यांचा पुन्हा साडेसत्तावीस वर्षं घसारा. होम डेपोच्या पावतीवर तिथल्या तिथे पेनाने ‘वर’, ‘खाली’ किंवा ‘दोन्ही’ लिहा. एप्रिलमध्ये आठवत नाही. माझा एक क्लायंट, पेशाने डेटाबेसवाला, मोठी एक्सेल शीट बनवून आणतो, पण त्यात ‘प्लंबर ३४०’ एवढंच असतं. प्लंबर कुठल्या मजल्यावर गेला होता, हे त्याच्या बायकोला फोन करून विचारावं लागतं.

आणि आता आई-बाबा. ते वर तुमच्यासोबत राहिले तर करांच्या दृष्टीने काहीच होत नाही. पण भाडेकरू मे महिन्यात गेला, आई-बाबा येणार म्हणून खालचा मजला ऑक्टोबरपर्यंत त्यांना दिला आणि मग पुन्हा भाडेकरू ठेवला, तर ते दिवस तुमचा वैयक्तिक वापर ठरतात. आई-वडील हे नियमांत ‘तुम्ही’च. वैयक्तिक वापर १४ दिवसांच्या, किंवा भाड्याने दिलेल्या दिवसांच्या १० टक्क्यांच्या, जे जास्त असेल त्याच्या वर गेला, की ते युनिट त्या वर्षी तुमचंही राहतं घर ठरतं. मग खर्च दिवसांच्या हिशेबात वाटायचा, आणि भाड्यापेक्षा जास्त खर्च दाखवता येत नाही. सहा महिने म्हणजे एकशेऐंशी दिवस, दहा टक्क्यांच्या कितीतरी पुढे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मग आई-बाबांकडून भाडं घेतलं असं दाखवू का?’ दाखवण्याचं तर नाहीच, खरंच घेतलं तरी उपयोग नाही. नातेवाइकाला बाजारभावाने दिलं तर ते भाडं धरतात, पण ते त्या नातेवाइकाचं मुख्य घर असेल तरच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाबांचं मुख्य घर कोथरूडला आहे. सोपा मार्ग असा, की अ‍ॅटिक तुमच्याकडेच आहे, तिथे एक खोली त्यांच्यासाठी लावून घ्या आणि खालचं भाडं चालू ठेवा. बाबांचे गुडघे जिने चढू देत नसतील, तर मात्र खुशाल खाली ठेवा आणि त्या वर्षीच्या रिटर्नवर दिवस मोजून लिहा. काही हजारांसाठी त्यांना तीन मजले चढवू नका. फक्त मला आधी सांगा.

विकायची वेळ येईल तेव्हाही दोन खोकीच. समजा दहा वर्षांनी ११,००,००० ला विकलं, खर्च सोडून देऊ. नफा ३,४०,०००. वरच्या ६० टक्क्यांचे २,०४,००० जोडप्याच्या ५,००,००० च्या सवलतीत पूर्ण माफ, शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं राहिला असाल तर. खालच्या ४० टक्क्यांचे १,३६,००० करपात्र. शिवाय दहा वर्षांचा सुमारे ६६,००० चा घसारा परत मोजला जातो, त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर. ‘मग घसारा घेतोच कशाला?’ असं म्हणून काही जण तो सोडून देतात. ही चूक करू नका. घेतलेला असो वा नसो, घेण्याजोगा होता म्हणून विक्रीच्या वेळी तो घेतलाच असं धरतात. म्हणजे फायदा सोडला आणि कर तेवढा राहिला. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अकरा वर्षं घेतला नव्हता. फॉर्म ३११५ भरून एका झटक्यात दुरुस्त करता आला, कारण घर अजून विकलं नव्हतं.

कर्जाबद्दल एकच सांगते, ते माझं क्षेत्र नाही, पण तुमच्यासारख्यांची फजिती होताना पाहिली आहे. साडेतीन टक्के डाउन असलेलं एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज एच-वन-बीवाल्यांना मे २०२५ पासून मिळत नाही. त्याला आता ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं. साधं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज मिळतं, आणि मालक राहणार असेल तर दोन ते चार युनिटांनाही पाच टक्के डाउनवर फॅनी मेचे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या कंपनीचे) नियम नोव्हेंबर २०२३ पासून हो म्हणतात. तुमचे दहा आहेत, उत्तम. खालच्या मजल्याच्या अपेक्षित भाड्यातलं साधारण ७५ टक्के उत्पन्नात धरतात. बँकेला ‘आम्ही राहणार’ लिहून दिलंत तर खरंच राहा, निदान वर्षभर.

तुमच्या फोटोंत तळघरातही एक चूल आणि सिंक दिसली. तिथे कोणी राहत असेल तर नगरपालिकेच्या कागदावर घर टू-फॅमिली की थ्री-फॅमिली, हे वकिलाला सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (राहण्याचा परवाना) मागवून तपासायला सांगा. कागद दोनचा असेल तर तळघरातलं भाडं आकड्यांत धरून घर परवडतंय असं मानू नका. आणि तळघर कोणाच्या वाट्याचं, हे अजून ठरलेलं नाही. वॉशर दोघं वापरणार असाल तर ते सामाईक, ६० आणि ४० तसेच राहतात. खालच्यांना सामानासाठी दिलंत तर टक्केवारी बदलेल. अप्रेझरच्या आराखड्यात तळघर मोजलेलं नाही. घर बघायला पुन्हा जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि तो आकडा मला पाठवा.